शुभमंगल, जरा थांबून

आमच्या घराण्यात मला संगणकातलं कळतं असा एक समज आहे. तो मी पसरवलेला नाही. पण तो पसरत असताना मी कोणाला अडवलंही नाही. दादाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पहिला संगणक घेतला, तो सुरू होईना म्हणून घरचे सगळे हवालदिल होऊन बसले होते, आणि मी मॉनिटरचं बटण दाबलं. माझी या विषयातली पदवी ती एवढीच. तेव्हापासून मुंज असो, बारसं असो, कोणीतरी मला कोपऱ्यात घेतं आणि हळू आवाजात सांगतं, "अरे, आमचा जरा स्लो चाललाय." मी भुवया किंचित जवळ आणतो, "रॅम किती आहे?" असं विचारतो आणि उत्तर काहीही आलं तरी "हं, कमी पडत असणार" म्हणतो. समोरचा समाधानाने बासुंदीकडे वळतो.

तर पुतणीचं लग्न झालं, आणि महिन्याभराने फोटोवाल्याने लग्नाचा व्हिडिओ दिला. मखमली डबी, आत कापसावर निजवलेला ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह. "फोर के आहे सर, फुल," असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला, कारण त्यालाही कोणीतरी माझ्याबद्दल सांगितलेलं होतं. मी "उत्तम" म्हटलं. दादाच्या लॅपटॉपवर ऑफिसने पेन ड्राइव्हला बंदी घातलेली. आमचा टीव्ही जुना, त्याने डबीतला ऐवज एकदा हुंगला आणि 'फॉरमॅट चालत नाही' असा निरोप पडद्यावर टाकून अंग काढून घेतलं. फोनवर व्हिडिओ सुरेख दिसत होता असं पुतण्या सांगत होता. पण सहा इंची पडद्याभोवती आत्या, दादा, वहिनी आणि वहिनींचं माहेर एवढी मंडळी कशी बसवायची? तेव्हा रविवारी सगळ्यांनी डोंबिवलीला आमच्याकडे यायचं आणि माझ्या संगणकावर लग्न पाहायचं असं ठरलं. वहिनी कोथिंबिरीच्या वड्या आणणार होत्या.

शुक्रवारी रात्री मी रंगीत तालीम म्हणून फाइल लावली. सनई सुरू झाली, छान वाजत राहिली. चित्र मात्र हॉलच्या दारावरच्या तोरणापाशी थांबलं. मग एक उडी मारून ते गौरीहरापाशी गेलं, तिथे विसावलं, मग पुन्हा उडी. मंगलाष्टकं तर बघवेनात. आवाजात गुरुजी 'सावधान' म्हणून मोकळे झाले, ताशा कडाडला, लोक टाळ्या वाजवू लागले, आणि पडद्यावर अजून दोघांच्या मध्ये अंतरपाट ताणलेला! अक्षता हवेत गेल्या त्या हवेतच राहिल्या. पुढचं चित्र आलं तेव्हा नवरानवरी हार घालून, पाया पडून, व्याह्यांच्या भेटी उरकून उभी होती. हार कोणी कोणाला आधी घातला हा आमच्याकडचा वादाचा मुद्दा होता. त्याचा पुरावा मधल्या मध्ये गडप झालेला.

वरातीत मी आहे हे मला आठवत होतं. मुलाकडच्यांनी ओढलं म्हणून मला थोडा वेळ नाचावं लागलं होतं. तो भाग लावला. माझा उजवा हात वर गेला आणि बेंजो पुढे निघून गेला तरी तो वरच राहिला. खरं सांगायचं तर त्या पोझमध्ये मी बरा दिसत होतो.

यात आवाज कधी अडकत नाही, चित्रच का अडकतं, याला कारण आहे. व्हिडिओ दाखवणारे बहुतेक प्रोग्रॅम आवाजालाच घड्याळ मानतात. चित्र मागे पडलं तर फ्रेम गाळायच्या, पण आवाज तोडायचा नाही. डोळा दोन-चार फ्रेमची चोरी खपवून घेतो, कानाला मात्र क्षणाचा खंडही टोचतो. हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं. मी बायकोला "स्पीकर चांगले आहेत म्हणून आवाज नीट येतोय" असं सांगितलं आणि तिनेही ते ऐकून घेतलं.

मग उपचार. कारण शोधण्याआधी उपचार सुरू करायचे ही आमच्या घराण्याची जुनी रीत आहे; आजोबांनी विहिरीला पाणी लागेना म्हणून पंप बदलला होता. मी संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. टेंप फाइली उडवल्या. अँटिव्हायरस चालवला, त्याने माझाच २००९ सालचा बायोडेटा संशयित म्हणून पकडून दिला. हार्ड डिस्क डीफ्रॅग करायला लावली आणि ते रंगीत चौकोन सरकताना पाहत बराच वेळ बसलो. लग्न पेन ड्राइव्हवर होतं, हार्ड डिस्कशी त्याचा काही संबंधच नव्हता, हा विचार पहाटेच्या सुमारास मनात डोकावला. पण चौकोन फार लोभस सरकत होते.

नंतर व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये शिरलो. नारिंगी-पांढऱ्या शंकूवाला हा प्रोग्रॅम म्हणजे मूळ पॅरिसमधल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा १९९६ सालचा प्रकल्प. वसतिगृहातलं नेटवर्क रटाळ होतं, त्यावर गेम खेळता येत नव्हते. नवं नेटवर्क हवं तर काहीतरी भारदस्त कारण दाखवायला हवं, म्हणून त्यांनी नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवण्याचा उद्योग अंगावर घेतला. शंकू आले ते पोरांनी रस्त्यावरून गोळा करून आणलेल्या शंकूंवरून. अशा उमद्या परंपरेतल्या वस्तूवर माझा पूर्ण विश्वास आहे. तिच्यात 'फाइल कॅशिंग' नावाचा एक आकडा असतो, मूळचा ३०० मिलिसेकंद. थोडा वाढवून पाहावा असं जाणकार म्हणतात. मी तो १०,००० केला. आता व्हिडिओ दहा सेकंद विचार करून मग अडखळू लागला.

शनिवारी कोडेक पॅक उतरवला. पूर्वी, म्हणजे सीडीवर सिनेमे फिरायचे त्या काळात, कुठलाही व्हिडिओ चालला नाही की कोडेक पॅक टाकायचा आणि देवाला नमस्कार करायचा, अशी पद्धत होती. व्हीएलसी आपले कोडेक स्वतःच्या पोटात घेऊन फिरतो, बाहेरून टाकलेल्यांकडे ढुंकूनही बघत नाही, हे त्या पॅकने मला सांगितलं नाही. त्याने फक्त ब्राउझरचं पहिलं पान बदललं आणि तिथे रशियन हवामान येऊ लागलं.

दादाला फोन केला. "कॅशिंग आणि कोडेकचा प्रश्न आहे, रविवार पुढे ढकलू." दादा आदराने म्हणाला, "तू बघतोयस ना, मग झालं." वड्यांचा बेत रहित झाला. इथवर आल्यावर माघार घेणं शक्य नव्हतं. मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

कॅबिनेटचं झाकण उघडल्यावर आत जे होतं त्याला धूळ म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. प्रोसेसरच्या पंख्यावर करड्या लोकरीचा थर बसला होता. जुना टूथब्रश, बायकोचा हेअर ड्रायर आणि तिची परवानगी, यांपैकी दोन गोष्टी घेऊन मी कामाला लागलो. धूळ संगणकातून निघाली आणि हॉलभर बसली. त्याच ओघात रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. हा विधी मी रिपेअरवाल्या मुलांना करताना पाहिला आहे. ते तो इतक्या सहजपणे करतात की आपल्यालाही जमेल असं वाटतं. पट्टी परत बसवली, बटण दाबलं, आणि संगणकाने 'पीप, पीप, पीप' असा टाहो फोडला. पडदा काळा. आता लग्नच काय, तोरणसुद्धा दिसेना.

पट्टी नीट दाबली गेली नव्हती, एका बाजूची खिट्टी उघडी राहिली होती. हे कळायला जो वेळ गेला त्यात मी मनातल्या मनात तीन नवे संगणक विकत घेतले आणि बायकोला त्याबद्दल काय सांगायचं याचे मसुदे केले. शेवटी 'टक' असा आवाज आला आणि विंडोजचं चिन्ह उगवलं. मी हळूच "झालं, साफ केलं" असं जाहीर केलं.

धूळ काढल्यावर मी तापमान दाखवणारा एक प्रोग्रॅम टाकला आणि लग्न लावलं. आकडा चढत चढत नव्वदीच्या पुढे गेला. आता मला कारण सापडलं! प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो, हे मी खरोखर वाचलेलं होतं. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामधली थर्मल पेस्ट वर्षानुवर्षं वाळून खडू झालेली असणार. म्हणजे लॅमिंग्टन रोड.

त्या रस्त्याचं पालिकेच्या पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने विचारलं तर ग्रँट रोड स्टेशनबाहेरचा टॅक्सीवालाही तुम्हाला रुग्ण समजेल. डोंबिवलीहून दादर, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोड, मग चालत. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, दुकानांत दुकानं आणि त्या दुकानांच्या जिन्याखाली आणखी दुकानं. एका काउंटरवर विशीतला मुलगा मोबाइलमध्ये बघत बसला होता. मी थर्मल पेस्ट मागितली, आणि आलोच आहे तर डीडीआर-थ्री रॅमही विचारली.

"काय प्रॉब्लेम आहे, अंकल?"

"व्हिडिओ अडकतो. फोर के."

"फाइल कुठल्या कोडेकमध्ये आहे?"

"पेन ड्राइव्हमध्ये."

त्याने पहिल्यांदाच मोबाइलवरून नजर वर उचलली. क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता रॅम आणि पेस्ट दोन्हींचं बिल केलं. ज्याला शिकवून उपयोग नाही त्याला माल द्यावा, हे धंद्याचं शहाणपण त्याला फार लवकर आलेलं होतं.

पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावायची असते. ट्यूबमध्ये इतकी असताना दाण्याएवढी लावायची हे माझ्या मध्यमवर्गीय मनाला पटलं नाही. पैसे पूर्ण ट्यूबचे दिले होते. पंखा दाबल्यावर ती चारी बाजूंनी बाहेर आली आणि मी ती इअरबडने टिपत बसलो. त्या पंख्याला चार प्लॅस्टिकचे पाय असतात, ते समोरासमोरचे दोन-दोन असे दाबून बसवायचे. तीन बसले की चौथा उठतो. मदरबोर्ड वाकेल इतका जोर लावावा लागतो आणि नेमका तेवढा लावायचा नसतो. असो. तापमान साठीच्या आसपास उतरलं. रॅमही दुप्पट झाली. मी लग्न लावलं. आता व्हिडिओ थंड डोक्याने अडखळत होता.

तेव्हा कुठे मला त्या दुकानातल्या पोराचा प्रश्न आठवला. व्हीएलसीच्या 'टूल्स'मध्ये 'कोडेक इन्फर्मेशन' असते. ती उघडली. तिथे सगळं आधीपासून लिहिलेलं होतं: एचईव्हीसी, ३८४० गुणिले २१६०, सेकंदाला ५० फ्रेम. मी कागद घेतला. एका फ्रेममध्ये ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके. सेकंदाला पन्नास, म्हणजे ४१ कोटी ४७ लाख २० हजार. हे सगळं न दाबता, जसंच्या तसं साठवलं असतं तर सेकंदाला सुमारे ६२२ मेगाबाइट लागले असते आणि त्या मखमली डबीतल्या पेन ड्राइव्हवर पावणेदोन मिनिटांचं लग्न मावलं असतं. आमच्या गुरुजींना तेवढ्यात आचमनही झालं नसतं. म्हणून मग पूर्ण चित्र अधूनमधून एखादंच ठेवायचं आणि मधल्या फ्रेममध्ये आधीच्यापेक्षा काय बदललं, कुठला तुकडा कुठे सरकला, एवढंच लिहून ठेवायचं, अशी युक्ती करतात. मागची भिंत तीच आहे, ती पुन्हा कशाला लिहायची? हात हलला तेवढा लिहा. एचईव्हीसी यात फार पोचलेला. त्याच्या आधीचा एच-२६४ हा २००३ सालचा, तो चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे तुकडे करायचा. हा ६४ गुणिले ६४ पर्यंतचे घेतो, आणि तसंच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवतो. पण इतकं घट्ट बांधलेलं गाठोडं सोडवायला मेहनतही तशीच पडते, आणि ती वेगाने करायला प्रोसेसरमध्ये त्या कामासाठी वेगळी सोय लागते.

एचईव्हीसीला मान्यता मिळाली २०१३ साली. माझा संगणक २०१२ चा. म्हणजे तो दहावीची परीक्षा देऊन बसला आणि पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदलला, आणि मी त्याला नव्या पुस्तकातले प्रश्न विचारत होतो. खास सोय नाही म्हणून बिचारा दोन कोअरवर साधी आकडेमोड करून एकेक फ्रेम सोडवत होता. टास्क मॅनेजर पहिल्या रात्री उघडला असता तर प्रोसेसरसमोर १०० टक्के लिहिलेलं दिसलं असतं. धूळ, पेस्ट, रॅम यांपैकी कशाचाच त्यात फारसा दोष नव्हता.

यातला खरा दुःखाचा भाग पुढेच आहे. माझा मॉनिटर १३६६ गुणिले ७६८. त्याच्यावर ठिपके मावतात जेमतेम साडेदहा लाख. संगणक जीव तोडून फ्रेममागे ब्याऐंशी लाखांवर ठिपके मोकळे करायचा आणि मग आठातल्या सातांचा हिशेब जिरवून उरलेले पडद्यावर मांडायचा. दादाला फोन करून मी एवढंच म्हटलं, "रिझोल्यूशनचा इश्यू आहे, आणखी एक रविवार दे." त्याने तोही दिला. पंचवीस वर्षांची पुण्याई अशी वापरावी लागते.

उपाय सोपा होता: फाइल लहान करून घ्यायची. हँडब्रेक नावाचा फुकट मिळणारा, अननसाचं चिन्ह असलेला प्रोग्रॅम आहे (व्हिडिओवाल्यांना शंकू आणि अननसच का सुचतात देव जाणे). त्यात ७२०, एच-२६४, सेकंदाला २५ फ्रेम असं निवडलं आणि 'स्टार्ट' दाबलं. उरलेला वेळ त्याने दाखवला तो तासांत. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. बरोबरच होतं म्हणा; ज्या संगणकाला ते लग्न वेगाने बघता येत नव्हतं, त्याला ते वेगाने लिहून काढता कसं येईल?

घरात संचारबंदी लागली. संगणकाच्या सॉकेटजवळ इस्त्री लावायची नाही, मिक्सर फिरवायचा नाही, त्या खोलीत जोरात चालायचंसुद्धा नाही. बायकोने चटणी खलबत्त्यात कुटली आणि प्रत्येक घाव माझ्याकडे बघून घातला. दुसऱ्या दिवशी दुपारी सप्तपदी संपत आली असावी, आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी मी नोव्हेंबरमध्ये बदलणार होतो. दर नोव्हेंबरमध्ये बदलणार असतो.

वीज आल्यावर अर्धवट फाइल लावून पाहिली, निदान साखरपुडा तरी दिसेल म्हणून. काही नाही. एमपी-फोर फाइलची अनुक्रमणिका सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. ती नसेल तर आतला माल कितीही शाबूत असो, उघडता येत नाही. दुसऱ्या वेळी एमकेव्ही निवडलं, ते अर्ध्यावर तुटलं तरी तितकं तरी दिसतं. अर्थातच त्या वेळी वीज गेली नाही.

आणि चाललं. काय सांगू! तोरण हललं. अंतरपाट खाली आला तो खाली येतानाच दिसला. अक्षता वर गेल्या आणि गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने डोक्यांवर पडल्या. पुढच्या रविवारी सगळी मंडळी जमली, वहिनींच्या वड्या आल्या, आणि मी माऊस हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर बसलो. हार आधी मुलीने घातला हे तीन वेळा मागे नेऊन सिद्ध झालं. आत्या म्हणाल्या, "हा होता म्हणून दिसलं हो." मी मान खाली घातली, विनयाने.

मग वरात आली. बेंजोवाले झोकात वाजवत होते, घोडा डौलात चालत होता, मुलाकडची पोरं लाटेगत उसळत होती, आणि मध्ये मी. माझा उजवा हात वर गेला. थांबला. खाली आला. डावा गुडघा उचलला गेला, तिथेच राहिला, मग एकदम जमिनीवर आपटला. पुन्हा हात.

"अडकतंय रे," आत्या म्हणाल्या.

मी तयार होतो. "हो. त्याचं असं आहे आत्या, पंचवीस फ्रेमचं चित्र साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर दाखवायचं म्हणजे काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. त्यामुळे हालचालीला किंचित झटका बसतो." यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

"मग बेंजोवाल्यांना का बसत नाही?" पुतण्याने विचारलं. एवढ्यावर न थांबता त्याने माझ्या हातातला माऊस घेतला आणि व्हीएलसीची आकडेवारी उघडली. हरवलेल्या फ्रेम: शून्य.

वहिनी तोंडाला पदर लावून आत चहा बघायला गेल्या. दादाने तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला, मग पुन्हा. पेन ड्राइव्हवरची मूळ फाइल इतकी अगडबंब होती की ती कोणाला पाठवण्याची सोयच नव्हती. माझी नवी मात्र हलकीफुलकी. पुतण्याने वरातीचा तुकडा कापला आणि 'आपलं कुटुंब' या ग्रुपवर टाकला. मिनिटभरात सांगलीच्या मावशींचा निरोप आला: "व्हिडिओ छान आला आहे. फक्त मध्ये एका ठिकाणी अडकतो, काकांना बघायला सांग."